महासत्तेशी करार करताना काय पाहावे: ओझर, तारापूर आणि मेक्सिकोचा गहू

गोदातीर

ऑगस्ट 2025 मध्ये रशियाकडून तेल घेतल्याच्या कारणावरून अमेरिकेने भारतीय मालावर आणखी 25 टक्के आयातशुल्क लादले, तेव्हापासून ‘आता तरी भारताने एक बाजू धरावी’ असा सूर ठिकठिकाणी ऐकू येतो. कोणाला ती बाजू वॉशिंग्टनची हवी आहे, तर कोणाला मॉस्कोची, आणि दोन्हीकडचे लोक आपापल्या मित्राच्या उपकारांची यादी तयार ठेवून बसलेले आहेत. महासत्तेची विचारसरणी, तिच्या नेत्यांची आपुलकी किंवा तिचे जुने उपकार पाहून निवड करण्याऐवजी विकसनशील देशाने प्रत्येक व्यवहारापुढे एकच प्रश्न ठेवावा, असे माझे मत आहे. उद्या या मित्राचे मन फिरले, तर आपल्या हातात काय उरेल? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही, कारण आपल्या देशाने गेल्या साठ-सत्तर वर्षांत ते अनेकदा आणि महागात शिकले आहे, आणि त्यातली दोन ठिकाणे तर महाराष्ट्रातच आहेत.

पहिले ठिकाण नाशिकजवळचे ओझर. पाकिस्तान 1954 पासून अमेरिकेच्या लष्करी करारांत सामील झाला होता आणि 1961 मध्ये त्याला एफ-104 स्टारफायटर विमाने मिळाली होती. तोडीस तोड विमान हवे म्हणून भारताने ऑगस्ट 1962 मध्ये सोव्हिएत संघाकडून मिग-21 घेण्याचे ठरवले. दोन महिन्यांत चीनचा हल्ला झाला, आणि 19 नोव्हेंबरला पंतप्रधान नेहरूंनी अध्यक्ष केनेडींना लिहिलेल्या पत्रांत अमेरिकी वैमानिकांसह लढाऊ विमानांच्या 12 तुकड्या मागितल्या. अलिप्ततेसाठी आयुष्य वेचलेल्या माणसाला ती पत्रे लिहिताना किती यातना झाल्या असतील, याची कल्पना करवत नाही. दोनच दिवसांत चीनने एकतर्फी युद्धबंदी केली आणि ती मागणी तेथेच राहिली.

त्यानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य आपल्या सर्वांना पाठ आहे, परंतु दिल्लीत गेल्यावर त्यांनी नेमके काय केले हे फार कमी वेळा सांगितले जाते. त्यांनी शस्त्रांसाठी दोन्हीकडे बोलणी केली. मे 1964 मध्ये ते अमेरिकेत असतानाच नेहरूंचे निधन झाले आणि दौरा अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. भारताला एफ-104 हवी होती, पण ती द्यायला अमेरिका राजी झाली नाही. त्याच वर्षी ते मॉस्कोला गेले आणि मिग-21 भारतात तयार करण्याचा करार पक्का झाला. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला अशी विभागणी ठरली. नाशिककर आजही त्या वसाहतीला ‘ओझर मिग’ म्हणतात.

सोव्हिएत संघ भारतावर अधिक प्रेम करत होता म्हणून हा करार चांगला ठरला, असे मला म्हणायचे नाही. उत्पादनाचा परवाना मिळाला आणि किंमत रुपयांत चुकती करता आली, या दोन अटींमुळे तो चांगला ठरला. सप्टेंबर 1965 मध्ये युद्ध पेटताच अमेरिकेने भारत आणि पाकिस्तान या दोघांचाही शस्त्रपुरवठा थांबवला. पाकिस्तानचे सैन्य बहुतांश अमेरिकी शस्त्रांवर उभे असल्याने त्याची कोंडी अधिक झाली. ज्याने अमेरिकेशी लष्करी करार केला होता, त्याच देशाला अमेरिकेच्या निर्णयाचा अधिक त्रास झाला, ही गोष्ट बाजू धरण्याचा आग्रह करणाऱ्यांनी जरूर विचारात घ्यावी.

दुसरे ठिकाण तारापूर. 1963 च्या करारानुसार अमेरिकेने येथे जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या दोन अणुभट्ट्या उभारून द्यायच्या आणि त्यांना 30 वर्षे समृद्ध युरेनियम पुरवायचे होते, आणि भारताने त्या केवळ अमेरिकी इंधनावर चालवायच्या होत्या. कंपनीने प्रकल्प पूर्ण उभा करून चावी हातात द्यायची, असा तो व्यवहार होता. 1969 मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली, आणि त्या काळातल्या भारताला ते मोठे यश वाटले असल्यास नवल नाही. मे 1974 मध्ये पोखरणला चाचणी झाली. 1978 मध्ये अमेरिकेने अण्वस्त्रप्रसारबंदीचा नवा कायदा केला आणि तो आधी सही झालेल्या करारालाही लागू केला. इंधनाच्या प्रत्येक खेपेसाठी वॉशिंग्टनमध्ये वाद होऊ लागले. 1980 मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी मंजूर केलेली खेप तिथल्या सिनेटमध्ये अवघ्या दोन मतांनी वाचली. अखेर 1982 मध्ये इंदिरा गांधी आणि अध्यक्ष रेगन यांच्यात तडजोड झाली आणि इंधन फ्रान्सने द्यावे असे ठरले. पुढे ते चीनकडून आले, नंतर रशियाकडून आले. मुंबईपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर असलेल्या वीजकेंद्राचे इंधन कोठून येणार, हे इतकी वर्षे परक्या राजधान्यांत ठरत होते.

याचा अर्थ रशिया चांगला आणि अमेरिका वाईट असा कोणी काढू नये, म्हणून तिसरे उदाहरण अमेरिकेचेच देतो. 1956 पासून पीएल-480 या अमेरिकेच्या अन्नमदत कायद्याखाली तिथला गहू भारतात येत होता. 1965 आणि 1966 अशी सलग दोन वर्षे पाऊस फसला आणि एकट्या 1966 मध्ये सुमारे 1 कोटी टन धान्य आयात करावे लागले. अध्यक्ष जॉन्सन यांनी जहाजे मुद्दाम हात आखडून सोडली. भारताने व्हिएतनामविषयी काय बोलावे आणि शेतीवर किती खर्च करावा, या दोन्ही गोष्टींचा त्या धान्याशी संबंध जोडला गेला. जून 1966 मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले आणि एका डॉलरला 4.76 ऐवजी 7.50 रुपये मोजावे लागू लागले, त्यामागेही परकी मदतीचा दबाव होता. रेशनच्या दुकानापुढे उभ्या राहिलेल्या त्या पिढीला या राजकारणाची माहिती नव्हती, पण त्याची किंमत तिनेच दिली.

आणि त्याच वर्षी अन्नमंत्री सी. सुब्रमण्यम यांनी मेक्सिकोहून 18,000 टन गव्हाचे बियाणे आणवले. लेर्मा रोहो आणि सोनोरा-64 ही वाणे नॉर्मन बोरलॉग यांच्या संशोधनातून आलेली होती आणि त्या संशोधनामागे अमेरिकेतल्या रॉकफेलर प्रतिष्ठानचा पैसा होता. 1971 पर्यंत गव्हाचे उत्पादन जवळजवळ दुप्पट झाले. गहू घेतला तेव्हा पुढच्या जहाजाची वाट पाहावी लागली, बियाणे घेतले तेव्हा पुढच्या वर्षीचे बियाणे आपल्याच शेतात तयार झाले. म्हणून मित्र कोण आहे यापेक्षा तो काय देतो आहे आणि ते दिल्यावर त्याच्या हातात कोणती दोरी शिल्लक राहते, याकडे मी अधिक लक्ष देतो.

या मांडणीवर जाणकारांची मते वाचायला आवडतील, विशेषतः विरोधी मते.

सातपुडा

आपली मांडणी शांततेच्या काळाला लागू पडते, पण संकट दाराशी उभे असताना ती अपुरी ठरते, असे मला वाटते. 1971 ची गोष्ट घ्या. जुलैमध्ये अमेरिकी अध्यक्षांचे सुरक्षा सल्लागार किसिंजर पाकिस्तानमार्गे गुपचूप बीजिंगला जाऊन आले. म्हणजे अमेरिका, चीन आणि पाकिस्तान एका बाजूला येत होते आणि भारतात निर्वासितांचे लोंढे वाढत होते. अशा वेळी प्रत्येक व्यवहार स्वतंत्रपणे तपासत बसायला अवधी नव्हता. 9 ऑगस्टला सोव्हिएत संघाशी मैत्रीचा करार झाला आणि डिसेंबरमध्ये सुरक्षा परिषदेत सोव्हिएत नकाराधिकार पुन्हा पुन्हा वापरला गेला म्हणून ढाका पडेपर्यंत युद्ध चालू ठेवता आले. एंटरप्राइज ही अमेरिकी विमानवाहू नौका बंगालच्या उपसागरात आली तेव्हा आपल्या पाठीशी कोणी तरी आहे, ही जाणीव बियाणे किंवा परवाने देऊ शकले नसते. कधी कधी देशाला बाजू धरावीच लागते, आणि ती वेळ ओळखणे हीच मुत्सद्देगिरी आहे.

ध्रुवतारा

धागाकर्त्यांनी ओझरचे जे चित्र काढले आहे ते मला फार उजळ वाटते. विमानांच्या क्षेत्रात बरीच वर्षे काम केलेले असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

मिगचा परवाना आला तेव्हा भारत स्वतःचे लढाऊ विमान बनवत होता, याचा उल्लेख या चर्चेत झालेला नाही. जर्मन अभिकल्पक कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली बंगळुरूला तयार झालेले एचएफ-24 मारुत जून 1961 मध्ये प्रथम उडाले. त्याचा सांगाडा ध्वनीच्या दुप्पट वेगाच्या हिशेबाने आखलेला होता, परंतु त्याला साजेसे इंजिन मिळाले नाही. ब्रिटिश ऑर्फियस इंजिनावर काम भागवावे लागले आणि ते विमान ध्वनीच्या वेगापाशीच अडखळले. त्यावर उपाय म्हणून इजिप्तमध्ये विकसित होत असलेले इंजिनही बसवून पाहण्यात आले, पण तो प्रयत्न तडीस गेला नाही. त्याच सुमारास तयार, स्वस्त आणि रुपयांत मिळणारे मिग हाती आल्यावर इंजिनासाठी लागणारी चिकाटी आणि पैसा कोण खर्च करणार होते?

परवान्यावर विमान बांधणे म्हणजे दुसऱ्याने काढलेल्या आराखड्याबरहुकूम पत्रे कापणे, जोडणे आणि तपासणे होय. त्यातून कुशल कारागीर घडतात, आणि ओझरने असे हजारो हात घडवले, याबद्दल मला नितांत आदर आहे. पण एखादा भाग अमुक जाडीचाच का ठेवला, हे परवान्यात लिहिलेले नसते. ते माहीत नसल्यामुळे मिग-21 नंतर मिग-27 आणि त्यानंतर सुखोई-30 अशी एकामागून एक परवान्याची विमाने ओझरला बांधली गेली, आणि डिसेंबर 1991 मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला तेव्हा सुट्या भागांसाठी वेगवेगळ्या नव्या देशांतले कारखाने शोधत फिरावे लागले. रुपयांत व्यवहार असण्याचा मोठा फायदा आपण सांगितला आहे. त्याच रुपया-रूबल कर्जाचा दर कोणता धरायचा, यावर पुढे वाद झाला आणि 1993 मध्ये तडजोड करावी लागली, तेही नमूद व्हायला हवे.

आज परिस्थिती अशी आहे की मिग-21 सप्टेंबर 2025 मध्ये हवाई दलातून निवृत्त झाले आणि ऑक्टोबरमध्ये ओझरला बांधलेले पहिले तेजस मार्क-1ए उडाले. विमान आपले आहे, ही अभिमानाची बाब आहे. त्याचे इंजिन मात्र जनरल इलेक्ट्रिकचे आहे, म्हणजे तारापूरच्या अणुभट्ट्या देणाऱ्याच कंपनीचे. 2021 मध्ये मागवलेल्या 99 इंजिनांपैकी पहिले मार्च 2025 मध्ये पोहोचले, आणि तोवर तयार सांगाडे इंजिनाची वाट पाहत होते. 1961 मध्ये जी उणीव होती तीच आजही आहे. त्यामुळे आपल्या प्रश्नाला मी आणखी एक प्रश्न जोडतो: या मित्राकडून घेतलेल्या वस्तूमुळे आपले कोणते काम आपण अर्ध्यावर सोडणार आहोत?

गोदातीर

ध्रुवतारा, आपण जोडलेला प्रश्न माझ्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे आणि मारुतचा संदर्भ या चर्चेत यायलाच हवा होता. तरीही 1964 च्या निर्णयाचा न्याय करताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. चीनच्या युद्धाला दोन वर्षेही झालेली नव्हती, पाकिस्तानकडे स्टारफायटर होती आणि मारुतच्या इंजिनाचा पत्ता नव्हता. त्या घडीला मिग नाकारणे मला शक्य दिसत नाही. चुकले ते पुढच्या वीस वर्षांत, जेव्हा परवान्याचे विमान हा तात्पुरता आधार न राहता कायमची सवय झाली. जेट इंजिनाचे काम पुढे कावेरी या नावाने पुन्हा हाती घेतले गेले, पण तोपर्यंत मधली दोन दशके हातची गेली होती, आणि 2008 मध्ये कावेरी तेजसपासून वेगळे करण्यात आले. आता जनरल इलेक्ट्रिकचेच एफ-414 हे इंजिन तंत्रज्ञानासह भारतात बनवण्याची बोलणी झालेली आहेत. ती करणाऱ्यांनी टर्बाइनच्या तप्त भागातील पात्यांची धातुविद्या आणि त्यांवरील लेप करारात आहेत की नाहीत, एवढे जरी जनतेला स्पष्टपणे सांगितले, तरी त्या कराराची खरी किंमत कळेल. तंत्रज्ञान इतके टक्के मिळणार या आकड्यावर माझा भरवसा नाही, कारण इंजिनाचे मर्म उरलेल्या टक्क्यांत असू शकते.

सातपुडा, 1971 च्या कराराबाबत आपण म्हणता ते मान्य आहे, पण त्या कराराचा मजकूर माझ्याच बाजूने बोलतो. कलम 9 मध्ये हल्ला किंवा हल्ल्याची धमकी आल्यास परस्पर विचारविनिमय करण्याचे बंधन आहे, आपोआप युद्धात उतरण्याचे नाही. कलम 4 मध्ये सोव्हिएत संघाने भारताच्या अलिप्त धोरणाचा आदर करण्याचे लिहून दिले. भारताने नौदलाचा तळ दिला नाही. इतक्या निकडीच्या वेळीही कराराच्या वाक्यावाक्यावर घासाघीस झाली, म्हणूनच तो पुढे गळ्याचा फास झाला नाही.

मुक्काम पालघर

तारापूरविषयी थोडी भर घालतो, कारण आमच्या भागात या विषयाची दुसरी बाजूही दिसते.

अमेरिकी अणुभट्ट्यांच्या शेजारीच 2005 आणि 2006 मध्ये प्रत्येकी 540 मेगावॉटच्या दोन नव्या अणुभट्ट्या सुरू झाल्या, आणि त्या संपूर्ण भारतीय बनावटीच्या आहेत. त्यांची वंशावळ पाहिली तर ती कॅनडाकडे जाते. राजस्थानातील रावतभाट्याला कॅनडाच्या मदतीने जड पाण्यावर चालणाऱ्या दोन अणुभट्ट्या बांधल्या जात होत्या. 1974 च्या चाचणीनंतर कॅनडाने अंग काढून घेतले. त्या वेळी दुसरी अणुभट्टी अर्धवट होती. पण तिच्या बांधणीत भारतीय अभियंते पहिल्यापासून सहभागी होते आणि बरेच भाग येथे बनत होते, त्यामुळे ती आपल्या लोकांनी 1981 मध्ये पूर्ण केली. त्यानंतर कल्पाक्कम, नरोरा, काक्रापार अशी मालिकाच उभी राहिली. कॅनडा अमेरिकेपेक्षा अधिक कठोरपणे वागला, तरी त्याच्या जाण्याने काम थांबले नाही. अमेरिकेने मात्र सगळे तयार करून चावी दिली होती आणि इंधनही समृद्ध युरेनियमच लागत होते, जे आपण त्या वेळी बनवू शकत नव्हतो. अर्थात रावतभाट्याला सुरुवातीला जड पाणी कमी पडले तेव्हा ते सोव्हिएत संघाकडून घ्यावे लागले आणि त्याबरोबर आंतरराष्ट्रीय तपासणीही स्वीकारावी लागली, म्हणजे परावलंबन पूर्ण संपले होते असे नाही.

आणखी एक गोष्ट मनापासून लिहितो. नव्या अणुभट्ट्यांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठवली गेली आणि त्या ग्रामस्थांना पुनर्वसनासाठी दीर्घकाळ झगडावे लागले. स्वावलंबनाची किंमत कोणी मोजली, या प्रश्नाचे उत्तर देताना ही दोन गावे विसरू नयेत. परक्या देशाच्या अटी वाचण्याची दक्षता आपण घेतो, तीच दक्षता आपल्याच माणसांना दिलेल्या शब्दाबाबतही घ्यायला हवी.

नीलकाठ

भारत मोठा देश आहे, त्याला दोन्हीकडे बोलणी करता येतात, लहान देशाला ही चैन परवडत नाही, असे कोणी म्हणेल म्हणून इजिप्तचे उदाहरण थोडक्यात मांडतो. आस्वानच्या धरणासाठी अमेरिकेने देऊ केलेली मदत 19 जुलै 1956 रोजी मागे घेतली. आठवड्याच्या आत नासर यांनी सुएझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले. पुढे सोव्हिएत संघाने पैसा आणि अभियंते दिले आणि 1970 मध्ये धरण पूर्ण झाले. इथवर तो स्वाभिमानाचा इतिहास आहे. परंतु 1967 च्या पराभवानंतर इजिप्तच्या सैन्यात हजारो सोव्हिएत सल्लागार येऊन बसले, आणि 1972 च्या जुलैमध्ये सादात यांना त्यांची रवानगी करावी लागली. त्यानंतर इजिप्त अमेरिकेकडे वळला तो इतका पूर्णपणे, की 1979 च्या इस्रायलबरोबरच्या तहापासून त्याचे सैन्य अमेरिकी मदतीवर पोसले जाऊ लागले.

धरण आजही इजिप्तचे आहे आणि ते चालवायला मॉस्कोची परवानगी लागत नाही. सैन्य मात्र एका महासत्तेच्या शस्त्रांवरून दुसरीच्या शस्त्रांवर गेले आणि प्रत्येक वेळी त्याबरोबर देशाचे परराष्ट्र धोरणही बदलले. त्यामुळे धागाकर्त्यांची कसोटी लहान देशालाही लागू पडते, फक्त त्याने सैन्याच्या बाबतीत ती अधिक कडकपणे लावायला हवी.

सातपुडा

इजिप्तचे उदाहरण वाचून माझ्या आक्षेपाचा रोख थोडा बदलतो. बाजू धरावी लागते यावर मी ठाम आहे, पण बाजू धरल्यावर आपला आवाज कितपत शाबूत राहतो, यावर कोणी काही लिहिलेले नाही. सोव्हिएत मैत्रीच्या काळात आपण काही ठिकाणी मौन पाळले, त्याचा हिशेब कसा लावायचा?

गोदातीर

हा हिशेब सर्वांत अवघड आहे आणि तो टाळता येणार नाही. 1956 मध्ये सुएझवरील आक्रमणाचा भारताने तत्काळ निषेध केला, पण त्याच दिवसांत हंगेरीत सोव्हिएत रणगाडे शिरले तेव्हा आपण आढेवेढे घेतले. 1968 मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या प्रश्नावर सुरक्षा परिषदेत आपण तटस्थ राहिलो. जानेवारी 1980 मध्ये अफगाणिस्तानवरील ठरावावर आमसभेत पुन्हा तटस्थ राहिलो, आणि माझ्या मते हे तिन्हींपैकी सर्वांत जास्त सलणारे मौन होते, कारण अफगाणिस्तान आपल्या शेजारचा, आपल्याशी जुने संबंध असलेला देश होता.

याच्या शेजारी 1966 ठेवून पाहावे. देश अमेरिकी गव्हावर जगत असताना इंदिरा गांधी जुलैमध्ये मॉस्कोला गेल्या आणि तेथील संयुक्त पत्रकात व्हिएतनामवरील बॉम्बफेक थांबवण्याची मागणी केली. जॉन्सन संतापले, जहाजांना आणखी विलंब झाला, तरी भारताने शब्द मागे घेतले नाहीत. अन्नासाठी दुसऱ्यावर अवलंबून असताना आपण बोललो आणि 1980 मध्ये पोट भरलेले असताना गप्प राहिलो. याचे एक कारण मला असे दिसते की धान्याची टंचाई सरेल आणि बियाणे रुजेल याची 1966 मध्ये आशा होती, पण शस्त्रांच्या बाबतीत 1980 पर्यंत रणगाडे, विमाने, पाणबुड्या असे सगळेच एका देशातून येत होते आणि त्यातून सुटण्याचा मार्ग कोणी आखलेलाच नव्हता.

म्हणून सातपुडा यांच्या प्रश्नावर माझी सूचना अशी आहे की सैन्याच्या प्रत्येक प्रमुख शस्त्रप्रकारात एकाच परकी देशाचा वाटा किती आहे आणि तो पुढील दहा वर्षांत कसा कमी होणार आहे, याची माहिती संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने दरवर्षी सरकारकडून मागावी आणि जेवढी जाहीर करता येईल तेवढी करावी. ध्रुवतारा यांनी इंजिनाबाबत जे लिहिले आहे, त्यासाठी त्या माहितीत एक वेगळा रकाना असावा.